कोंडवाड्याचा दोर

एका जंगलात, नदी जिथे वळण घेते तिथल्या अर्जुनाच्या झाडावर, एक खार राहत असे. त्या सकाळी तिला पहिल्यांदा जे खटकले ते अगदीच क्षुल्लक होते. कोंडवाड्यात टाकलेला गवताचा भारा तसाच पडून होता. कालचाही तसाच होता, आणि त्याच्याखाली परवाचा, पिवळा पडलेला.

आता तुम्ही म्हणाल, गवत नाही खाल्ले तर नाही खाल्ले, खारीला त्याचे काय? पण मुलांनो, ही खार जरा निराळी होती. पान गळून पडले तरी तिच्या काळजात लक्कन व्हायचे. कुणी मोठ्याने शिंकले की ती तीन फांद्या वर जाऊन बसायची आणि मग, कुणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायची. अशा भित्र्या जिवाला दुसऱ्याचे दुःख फार चटकन दिसते. कधी कधी तर नसलेलेही दिसते.

कोंडवाडा तिच्या झाडाखालीच होता. करवंदीच्या काट्यांचे दाट कुंपण, एकच बांबूचे दार, आणि दाराला पळसाच्या मुळांचा तीनपदरी दोर. दाराबाहेर पहाऱ्याला एक साळिंदर असे. रात्रभर जागायचे आणि दिवसा दाराशीच मुटकुळे करून घोरायचे. आत सध्या दोघे होते. एक रानडुक्कर आणि एक हरणी.

हरणी कोपऱ्यात तोंड फिरवून पडलेली असे. रोज सकाळी ओढ्यापलीकडे तिचे पाडस येऊन उभे राही आणि बारीक आवाजात हाक मारी. हरणी कान टवकारायची, पण वळून बघायची नाही. पाडस थोडा वेळ थांबायचे, मग मान खाली घालून निघून जायचे. खारीला हे बघवत नसे.

"हरणीताई," ती एकदा फांदीवरून हळूच म्हणाली होती, "अगं, दोन काड्या तरी खा."

हरणीने नुसती मान हलवली.

"ती कशी खाईल?" रानडुक्कर मात्र बोलायला एका पायावर तयार असे. "कोंडून घातल्यावर कुणाच्या घशाखाली घास उतरतो का? माझंच बघ. खातोय का मी?"

"पण काका, तुम्ही केलंत काय?"

"काय केलं? डुकराच्या जन्माला आलो, दुसरं काय! एकवीस दिवस म्हणे. आज नववा. माझ्याकडे बघ, धडधाकट आहे की नाही?"

खारीने बघितले. ते एका जागी उभे होते, पाय जरा जपून टेकत होते. पण डोळ्यांत पाणी होते आणि खारीला तेवढे पुरेसे झाले.

"पंचांना सांगायचं ना मग."

"पंच!" रानडुक्कर फुरफुरले. "आपण मेलो तरी त्यांच्या पोटातलं पाणी हलायचं नाही, बाई."

खरे तर पंचांना विचारण्याची रीत अगदी सोपी होती. वडाखाली जायचे, पारावर आपला एक खडा मांडायचा आणि पाळी आली की बोलायचे. थोरला गवा पंचांत मुख्य होता आणि तो मुंगीचेही ऐकून घेई. खारीलाही हे ठाऊक होते. ती गेलीही होती! पारावर पोचली, खडा गालात होता, आता मांडणार, तेवढ्यात गव्याच्या नाकावर माशी बसली आणि तो फुर्रकन् फुरफुरला. खार जी पळाली ती थेट आपल्या ढोलीत. खडा गालातच राहिला होता.

चार जणांसमोर उभे राहून एक प्रश्न विचारायचा, एवढेच तिला जमले नाही. आणि त्या दिवशी, तो पिवळा पडलेला भारा पाहिल्यावर, तिला वाटले की विचारण्यापेक्षा दोर कुरतडणे सोपे.

ऊन चढू लागले होते. साळिंदर घोरत होते. खार फांदीवरून कुंपणाच्या आत उतरली, नेहमी उतरे तशीच, वरून. बांबूवर चढून तिने दोराला दात लावले.

"शाब्बास!" रानडुक्कर कुजबुजले. "उगीच नाही खारीचा वाटा म्हणत!"

"हळू बोला ना, काका," खार म्हणाली.

पहिला पदर तुटला. कट्. साळिंदराचे काटे खुळखुळले आणि खार बांबूला चिकटून राहिली, श्वाससुद्धा न घेता. घोरणे पुन्हा सुरू झाले. दुसरा पदर चिवट होता, त्याची तुसे तिच्या दातांत अडकली. तिसरा पदर तुटायच्या आधीच रानडुकराने दाराला मुसंडी मारली. दोर तटकन् तुटला, दार करकरले, साळिंदर झोपेतच कूस बदलून पुन्हा घोरू लागले आणि रानडुक्कर बाहेर पडले. मागे वळूनही बघितले नाही.

फक्त जाता जाता त्याच्या जबड्यातून काहीतरी लोंबले आणि खारीच्या पुढच्या पंजावर पडले. चिकट, तारेसारखे लांब. लाळ होती ती.

खार पंजाकडे बघत राहिली. मग तिने जाणाऱ्या रानडुकराकडे बघितले. ते चारही पायांनी लंगडत होते.

"दार लाव," मागून आवाज आला. इतका घोगरा, की हरणी बोलते आहे हे तिला क्षणभर कळलेच नाही. "दार लाव गं बाई, लवकर!"

"हरणीताई, अगं तूही जा ना. तुझं पाडस..."

"पाडसासाठीच आले आहे मी आत!" हरणी धडपडत उठली. तिचे ओठ सोललेले होते, जीभ लाल झाली होती. "माझ्या पायांनी आले. तोंड आलंय मला, खुरं सडतायत. खुरकूत आहे ही. मागल्या साथीत अर्धा कळप गेला होता, त्यात माझं पहिलं लेकरू होतं. म्हणून एकवीस दिवस वेगळं राहायचं, असं पंचांनी ठरवलंय. बाहेर धोंड्यावर तांबड्या कावेचा एवढा मोठा पट्टा ओढलाय. साथीची खूण आहे ती. दिसली नाही तुला?"

खारीने वर आपल्या फांदीकडे बघितले. "मी... मी वरून येते," ती म्हणाली.

खरेच होते ते. जमिनीवरून चालणाऱ्या प्रत्येकाला तो पट्टा लांबूनच दिसे आणि तो वळसा घालून जाई. झाडावरून येणाऱ्या खारीने धोंड्याची बाहेरची बाजू कधी पाहिलीच नव्हती.

"आणि ते गवत?"

"गिळवत नाही गं. काडी टोचते." हरणीने बांबूच्या दाराला आतून कपाळ लावले आणि ते ओढूनलोटून बंद केले. "मी धरते हे. माझं मी धरून ठेवते. पण तो कुठं गेला?"

"पाणवठ्याच्या वाटेला लागले."

हरणीचे डोळे विस्फारले. "तोंडाची आग होतेय त्याच्या. इथलं डोणीतलं पाणी पुरत नाही म्हणून रोज रडत होता. तो जाऊन थेट डोहात थोबाड घालणार. आणि आता ऊन डोक्यावर यायला आलं..."

तिने वाक्य पुरे केले नाही. करायची गरजच नव्हती. दुपारी सगळे जंगल पाणवठ्यावर जमे आणि तिथला नेम होता, लहानांनी आधी. सगळी पिल्ले, वासरे, पाडसे ओळीने पुढे होत, पोटभर पीत, आणि मगच मोठे पुढे येत.

"माझं लेकरू अगदी पहिलं असतं," हरणी म्हणाली. "त्याला दम धरवत नाही. धाव गं. साळिंदराला उठवण्यात वेळ घालवू नकोस, त्याला कुठं धावता येतं? तू धाव आणि हाळी दे!"

हाळी द्यायची म्हणजे काय, ते सांगते. त्या जंगलात पूर्वी ज्याला जे वाटेल ते तो ओरडत असे. वाघ आला, पूर आला, आभाळ आले! रोजची पळापळ व्हायची, आणि कुणाचे कधी पाऊल मुरगळायचे तर कुणाचे पिल्लू हरवायचे. शेवटी पंचांनी नियम केला. हाळी देणाऱ्याने आधी आपले नाव सांगायचे, मग कारण. नाव-कारण नसलेली हाळी कुणी मानायची नाही. नाव-कारण असले, तर ऐकणाऱ्यांतला सगळ्यांत थोर जो असेल त्याने "ऐकलं!" असे उत्तर द्यायचे, आणि एकदा "ऐकलं" म्हटले की लहान-मोठे सगळे जागच्या जागी थांबलेच पाहिजेत.

खार निघाली. अर्जुनावरून ऐनावर, ऐनावरून जांभळीवर. खाली वाटेवर रानडुकराची लाळ चकाकत होती, मध्येच तुटत, मध्येच पुन्हा दिसत. तिच्या छातीत इतके धडधडत होते, की दुसरे काही ऐकूच येत नव्हते. म्हणून जांभळीखालून हाक आली तेव्हा ती जवळजवळ खालीच पडली.

"एवढ्या घाईनं कुठं, खारूताई?"

कोल्हा होता. वडाखाली पंचांपुढे कुणाचीही बाजू मांडायची असली तर सगळे कोल्ह्यालाच बोलवत. सगळे कायदे त्याला तोंडपाठ होते.

"कुठं नाही," खार म्हणाली. "असंच."

"असंच?" कोल्ह्याने मान तिरकी केली. "दातांत पळसाची तुसं अडकलीत तुझ्या. आणि मघाशी एक डुक्कर गेलं इथून, लंगडत. माझं डोकं फार चालतं असं नाही, पण दोन आणि दोन चार होतात एवढं येतं मला."

खारीने पंजा तोंडावर धरला. मग तिला तोच पंजा आठवला आणि तिने तो घाईघाईने सालीवर पुसला.

"कोल्हेदादा, मी चांगल्या हेतूनं केलं हो. मला वाटलं, त्यांना उगाच कोंडलंय."

"हेतू!" कोल्हा हसला, पण अगदीच दुष्टपणे नाही. "हेतू पंच ऐकतात गं. शिक्षा किती द्यायची ते ठरवताना ऐकतात. गुन्हा झाला की नाही, हे ठरवताना नाही. दार बंद होतं, तू उघडलंस, परवानगी नव्हती. संपलं."

"आणि... आणि शिक्षा काय असते?"

"परवानगीवाचून कोंडवाडा उघडला, तर सुटलेल्याचे उरलेले दिवस उघडणाऱ्यानं आत काढायचे. डुकराचा आज नववा दिवस. म्हणजे तुझ्या वाट्याला आजचा धरून तेरा. सुटलेल्यानं कुणाचं काही नुकसान केलं, तर तेही उघडणाऱ्याच्या माथी." त्याने शेपटी पायांभोवती गुंडाळली. "आणि साथ पसरून कुणी दगावलं, तर हद्दपार. नदीपलीकडे. परत यायचं नाही."

नदीपलीकडे! खार अर्जुनाच्या ज्या ढोलीत जन्मली होती, त्याच ढोलीत अजून झोपत होती. पलीकडच्या काठाकडे बघितले तरी तिचे डोळे फिरत.

"मी हाळी द्यायला चाललेय," ती कशीबशी म्हणाली.

"हाळी?" कोल्हा उठून उभाच राहिला. "वेडी का खुळी तू? नावानिशी दिलेली हाळी म्हणजे कबुली. मग मीच काय, माझा बापही तुला सोडवू शकणार नाही. कुणी पाहिलं तुला? साळिंदर झोपलेलं. हरणी आजारी, तिचं तोंड चालत नाही. डुक्कर काय साक्ष देणार, तेच पळून आलेलं. दोर जुना होता, तुटला. दात घासून घे आणि ढोलीत जाऊन झोप. हा फुकटचा सल्ला आहे, उद्या असा मिळायचा नाही."

खार क्षणभर थांबली. खोटे कशाला सांगू, क्षणापेक्षा जरा जास्तच थांबली. ढोली तिला दिसत होती. आतला मऊ कापूस, अंधार. मग तिला हरणीचे कपाळ आठवले, दाराला आतून टेकवलेले. जिला बाहेर यायचे होते ती दार धरून उभी होती. खार पुढच्या फांदीवर उडी मारून गेली.

पाणवठ्यावर नेहमीसारखी गर्दी होती. वानरे खडकावर उवा वेचत होती, मोर पिसारा मिटून सावलीला उभे होते. थोरला गवा पाण्याकडे पाठ करून शेपटीने माशा हाकलत होता. आणि काठाला पिल्लांची ओळ लागत होती. सगळ्यांत पुढे हरणीचे पाडस. वरच्या अंगाला लव्हाळ्याचे बेट हलत होते. वारा तर नव्हता.

खार उंबराच्या शेंड्यावरून, पानांआडून ओरडली, "पाणी पिऊ नका! कुणी पाणी पिऊ नका!"

एका वानरीने वर बघितले. "का गं?"

खार आणखी एका पानाआड सरकली. "असंच. आज नका पिऊ."

"ऐकलंत का," वानरी बाकीच्यांना म्हणाली, "असंच नका पिऊ म्हणे! काल काय, तर म्हणे सुकलं पान सळसळलं, साप आला. खाली ये बाई, दोन घोट तूच घे, ऊन लागलंय तुला." सगळी वानरे खिदळली. पिल्लांची ओळ एक पाऊल पुढे सरकली.

लव्हाळे पुन्हा हलले. आता त्यातून दमट, जड श्वास ऐकू येत होता.

"कोंडवाड्याचं दार उघडलं गेलंय!" खार ओरडली. "साथीतला एक सुटलाय!"

आता मात्र मोरांनी माना वर केल्या. "उघडलं गेलं म्हणजे?" एक मोर म्हणाला. "दार काय आपसूक उघडतं? कुणी उघडलं? आणि बोलतंय कोण? पानांआडून बोलतंय, नाव नाही, गाव नाही."

"नाव सांग!" वानरी म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती, पण जागची हललीही नाही. "नियम माहीत आहे ना? नाव सांग, नाहीतर गप्प बस."

गव्याची शेपटी हलायची थांबली होती. तो मात्र अजून पाठमोराच उभा होता. नाव नसलेल्या हाळीला तो उत्तर देऊ शकत नव्हता. नियम त्यानेच तर केला होता.

लव्हाळ्यातून रानडुकराचे थोबाड बाहेर आले. लाळेची एक तार पाण्याकडे लोंबू लागली. पाण्यापासून ते दहा पावलांवर होते. पाडस तर एकाच पावलावर. त्याने पुढचे पाय फाकवले आणि मान खाली घातली.

खार शेंड्यावरून निघाली ती खोडावरून सरळ खाली आली. जमिनीवर, उन्हात, सगळ्यांच्या मध्ये. काठाच्या सपाट धोंड्यावर ती मागच्या पायांवर उभी राहिली. तिला वाटले, आता आपण मरणार. पारावर मांडायचा राहिलेला तो खडा जणू अजून तिच्या गालातच होता. तिने तो थुंकून टाकावा तसा श्वास सोडला.

"मी खार!" ती ओरडली. आवाज चिरकला, पण पोचला. "अर्जुनावरची खार! कोंडवाड्याचा दोर मी कुरतडला. परवानगी न घेता. कुणाला न विचारता. आत खुरकूत आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नाही. डुक्कर सुटलंय आणि ते तिथं लव्हाळ्यात आहे, त्याची लाळ पाण्यात पडेल. माझं नाव सांगितलं, कारण सांगितलं. आता पाणी पिऊ नका! मला काय द्यायची ती शिक्षा द्या, मी इथंच उभी आहे, पळत नाही!"

कुणी हसले नाही. पाडसाचे ओठ पाण्यापासून चार बोटांवर होते. त्याने कान फिरवले, पण मान वर केली नाही. खार धोंड्यावरून हलली नाही. ती गव्याच्या त्या भल्या मोठ्या काळ्या पाठीकडे बघत राहिली.

मग ती पाठ वळली. गव्याने शिंगे वर केली, खारीकडे पाहिले, आणि साऱ्या पाणवठ्यावर घुमेल अशा आवाजात तो म्हणाला,

"ऐकलं!"

तात्पर्य : बंद दार दिसले, तर ते का बंद आहे हे आधी विचारावे. परवानगीवाचून सोडलेल्या गाठीचा जाब कायदा आपल्याकडेच मागतो, मग हेतू कितीही चांगला असो. आणि झालेली चूक स्वतःच्या नावानिशी कबूल केली, तरच पुढचे नुकसान टळते.